हेक्टरी अर्ध्या किलोचा हिशेब

२ ऑगस्ट २०१४च्या पहाटे अमेरिकेच्या ओहायो राज्यातील टोलेडो शहर आणि परिसरातील चार लाखांहून अधिक लोकांसाठी एक सूचना निघाली. नळाचे पाणी पिऊ नका, त्यात स्वयंपाक करू नका आणि मुख्य म्हणजे ते उकळू नका. पाण्याबद्दल शंका असली की ते उकळून प्यावे, हे आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. इथे नेमके उलटे सांगितले जात होते. कारण धोका रोगजंतूंचा नव्हता, मायक्रोसिस्टिन नावाच्या विषाचा होता. हे विष उकळल्याने नष्ट होत नाही. उलट काही पाणी वाफ होऊन गेले की उरलेल्या पाण्यात त्याचे प्रमाण वाढते. बाटलीबंद पाणी दुकानांतून बघता बघता संपले. नॅशनल गार्डच्या जवानांना पाणी पुरवायला यावे लागले. ४ ऑगस्टला बंदी उठली.

मायक्रोसिस्टिन मुख्यतः यकृतावर घाला घालते. उलट्या, जुलाब, पोटदुखी, अंगावर पुरळ ही त्याची तत्काळ दिसणारी लक्षणे. जागतिक आरोग्य संघटनेने पिण्याच्या पाण्यात दीर्घकाळासाठी लिटरमागे फक्त १ मायक्रोग्रॅम एवढीच मर्यादा सुचवली आहे. साठलेल्या कोमट पाण्यात वाढणारे नीलहरित शेवाळ हे विष तयार करते. टोलेडोचे पाणी ईरी सरोवरातून येते. या सरोवराचा पश्चिमेकडचा भाग सरासरी सात-साडेसात मीटरच खोल असल्याने उन्हाळ्यात लवकर तापतो. शेवाळाला उष्णतेबरोबर खाद्यही लागते आणि ते म्हणजे शेतकऱ्यांच्या परिचयाचे स्फुरद, अर्थात फॉस्फरस. ते पुरवणारी मोठी नदी म्हणजे टोलेडोजवळच सरोवराला मिळणारी मॉमी.

मग स्फुरद नदीत सोडले कोणी? या प्रश्नाला एका कारखान्याचे किंवा एका नाल्याचे नाव उत्तर म्हणून देता येत नाही. हजारो शेतांतून, गोठ्यांतून, अंगणांतून आणि रस्त्यांवरून ते थोडे थोडे येते. शास्त्रज्ञ याला विखुरलेले प्रदूषण म्हणतात. जगभरातील नद्यांपुढचा हा आज सर्वांत अवघड प्रश्न आहे. तो हाताळण्यासाठी नकाशे बनवणारी सॉफ्टवेअर आणि नदीचे संगणकीय मॉडेल कसे वापरतात, त्यातून काय साधते आणि काय साधत नाही, हे ईरी सरोवराच्या उदाहरणातून चांगले समजते.

पहिली लढाई जिंकली होती

ईरी सरोवर एकदा आजारातून उठलेले होते. १९६०च्या दशकात ते ‘मेले’ असे वर्तमानपत्रे लिहीत होती. त्याला मिळणाऱ्या कायहोगा नदीवरच्या तेलकट तवंगाने १९६९ मध्ये पेट घेतला आणि अमेरिकेत खळबळ उडाली. १९७२ मध्ये तिथे स्वच्छ पाणी कायदा कडक झाला आणि त्याच वर्षी अमेरिका व कॅनडा यांच्यात पंचमहासरोवरांच्या पाण्याबाबत करार झाला. सांडपाणी प्रक्रिया केंद्रांवर मोठा खर्च झाला. कपड्यांच्या साबण पावडरमधील फॉस्फेटवर मर्यादा आल्या. वर्षाला ११,००० टन स्फुरदाची मर्यादा ठरली आणि १९८०च्या दशकात सरोवर तिच्या आसपास आले. पाणी निवळले, मासे परतले.

ही लढाई सोपी नव्हती, पण शत्रू दिसत होता. पाइपाच्या तोंडाशी उभे राहून नमुना घेता येतो, परवाना देता येतो, दंड करता येतो. १९९०च्या दशकाच्या मध्यापासून सरोवरात हिरवा तवंग पुन्हा दिसू लागला, तेव्हा मात्र बोट दाखवायला पाइप नव्हता. २०११ आणि २०१५ या वर्षी तर पूर्वी नोंदलेले सगळे उच्चांक मोडले गेले.

मॉमीचे पाणलोट क्षेत्र साधारण १७,००० चौरस किलोमीटर, म्हणजे १७ लाख हेक्टर. त्यातील सत्तर टक्क्यांहून अधिक जमीन शेतीखाली आहे. पिके मुख्यतः मका आणि सोयाबीन. अमेरिका आणि कॅनडा यांनी २०१६ मध्ये ठरवले की, २००८च्या तुलनेत स्फुरद ४० टक्क्यांनी कमी करायचे. मॉमीपुरते सांगायचे तर मार्च ते जुलै या काळात नदीतून ८६० टनांपेक्षा अधिक स्फुरद सरोवरात जाऊ नये.

हा आकडा १७ लाख हेक्टरांवर वाटला तर हेक्टरी सरासरी अर्धा किलो येतो. डीएपीच्या ५० किलोच्या एका गोणीत मूलद्रव्याच्या रूपात मोजले तर सुमारे १० किलो स्फुरद असते. म्हणजे हेक्टरी अर्धा किलो हे अडीच किलो डीएपीतले स्फुरद झाले. एवढे वाहून गेले तर शेतकऱ्याच्या उत्पन्नात फरक पडत नाही, त्याच्या ते लक्षातही येत नाही. सरोवराला मात्र ते पुरते. विखुरलेल्या प्रदूषणाची सगळी गुंतागुंत या हिशेबात आहे. नुकसान जिथून सुरू होते तिथे ते नगण्य असते आणि जिथे साठते तिथे ते लाखो लोकांचे पाणी तोडते.

नकाशावर नकाशा

प्रत्येक शेताच्या बांधावर माणूस उभा करून पाणी तपासणे शक्य नाही. पण पावसाचे पाणी कोणत्या उतारावरून कुठे जाते, हे ठरावीक नियमांनी होते. हे नियम संगणकाला शिकवता येतात. त्याची सुरुवात भौगोलिक माहिती प्रणालीपासून, म्हणजे जीआयएसपासून होते.

पहिला थर उंचीचा. उपग्रह किंवा विमानातून मोजलेल्या उंचीच्या नकाशात जमीन बारीक चौकोनांत विभागलेली असते. सॉफ्टवेअर प्रत्येक चौकोनासाठी पाहते की, भोवतालच्या आठ चौकोनांपैकी सर्वाधिक उतार कोणाकडे आहे. पाणी तिकडे जाणार. असे लाखो चौकोन जोडत गेले की ओहोळ, ओढे, नदी आणि त्यांचे पाणलोट आपोआप आखले जातात. त्यावर दुसरा थर मातीचा: काळी, चिकण, वालुकामय. तिसरा जमिनीच्या वापराचा: कुठे मका, कुठे कुरण, कुठे झाडी, कुठे वस्ती. हे थर एकमेकांवर ठेवले की एकाच प्रकारची माती, एकच उतार आणि एकच पीक असलेले तुकडे वेगळे होतात.

यानंतर मॉडेलचे काम सुरू होते. या क्षेत्रात सर्वाधिक वापरले जाणारे मॉडेल ‘स्वाट’ या नावाने ओळखले जाते. अमेरिकेच्या कृषी खात्याच्या संशोधन सेवेतील जेफ अर्नोल्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी टेक्सासमध्ये १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला ते विकसित केले. टेक्सास ए अँड एम विद्यापीठातील राघवन श्रीनिवासन यांचा ते जीआयएसशी जोडण्यात मोठा वाटा आहे. ते विनामूल्य मिळत असल्याने अनेक देशांतील संशोधक ते वापरतात.

स्वाट प्रत्येक तुकड्याचा दररोजचा जमाखर्च मांडते. आज पाऊस किती पडला, त्यातला किती जमिनीत मुरला, किती वाहून गेला, पिकाने किती उचलला, किती बाष्प होऊन उडाला. वाहत्या पाण्याने किती माती नेली, त्या मातीला किती स्फुरद चिकटले होते, पाण्यात किती विरघळले. पेरणी कधी, खत कधी आणि किती, नांगरट कधी, हेही त्यात भरावे लागते. एका तुकड्याचा हिशेब झाला की तो ओढ्यात, ओढ्याचा नदीत आणि नदीचा सरोवरात जमा होतो. यामागची समीकरणे हवेतून आलेली नाहीत. जमिनीची धूप मोजण्याचे जे सूत्र आजच्या मॉडेलांचा पाया आहे, ते विश्मायर आणि स्मिथ या दोन संशोधकांनी अमेरिकेतील प्रायोगिक शेतपट्ट्यांवरच्या अनेक दशकांच्या नोंदींतून काढले आणि ते १९६५ मध्ये कृषी खात्याच्या पुस्तिकेतून प्रसिद्ध झाले.

बाटली आधी, संगणक नंतर

मॉडेलने काढलेले उत्तर खरे कशावरून? ते नदीशी ताडून पाहावे लागते. मॉमीच्या बाबतीत हे शक्य झाले, कारण टिफिन या छोट्या गावातील हायडेलबर्ग विद्यापीठ १९७५ पासून या नदीचे पाणी तपासत आहे. वॉटरव्हिल येथील केंद्रावर स्वयंचलित यंत्र दिवसातून तीन वेळा नमुना घेते. नदी संथ असताना दिवसाचा एक नमुना तपासला जातो, पूर असताना तिन्ही.

पुराच्या दिवसांवर एवढा भर का, ते साध्या गणिताने कळते. नदीतून सेकंदाला १,००० घनमीटर पाणी जात असेल आणि प्रत्येक लिटरमध्ये अवघे ०.१ मिलिग्रॅम स्फुरद असेल, तर एका दिवसात ८.६४ टन स्फुरद सरोवरात पोहोचते. वर्षभरातील मोठा भार अशा थोड्या दिवसांत वाहून जातो. महिन्याच्या ठरावीक तारखेला एक बाटली भरणाऱ्याला हा भार सापडतच नाही.

मॉडेल तयार करताना अशा नोंदींचे दोन भाग करतात. काही वर्षांच्या नोंदी वापरून मॉडेलमधील गुणांक जुळवायचे. मग मॉडेलने कधी न पाहिलेली दुसरी काही वर्षे त्याच्यापुढे ठेवायची आणि त्याचे उत्तर नदीच्या प्रत्यक्ष नोंदीशी जुळते का ते तपासायचे. या परीक्षेत उतरलेल्या मॉडेललाच पुढचे प्रश्न विचारण्यात अर्थ असतो.

जमिनीखालची वाट

याच नोंदींनी एक कोडे पुढे आणले. मॉमीतून जाणाऱ्या एकूण स्फुरदात १९९०च्या दशकानंतर फारशी वाढ दिसत नव्हती, पण पाण्यात विरघळलेल्या स्फुरदाचा वाटा वाढत होता. मातीच्या कणाला चिकटलेल्या स्फुरदातील थोडाच हिस्सा शेवाळाला वापरता येतो. विरघळलेले मात्र जवळजवळ सगळे लगेच कामी येते. एकूण भार तेवढाच, पण ताटात वाढलेले अन्न अधिक, असा हा प्रकार होता.

हे स्फुरद कोठून येत होते? मॉमीचे खोरे पूर्वी ‘ग्रेट ब्लॅक स्वॅम्प’ म्हणून ओळखली जाणारी विस्तीर्ण दलदल होते. एकोणिसाव्या शतकात जमिनीखाली निचऱ्याच्या नळ्या टाकून तिची शेती केली गेली. सांगली-कोल्हापूरकडे क्षारपड जमीन सुधारण्यासाठी सच्छिद्र पाइप गाडतात, साधारण तशीच ही व्यवस्था. वरच्या मातीतील भेगा आणि गांडुळांच्या बिळांतून पाणी थेट या नळ्यांत उतरते आणि ओढ्याला मिळते. शेताच्या कडेला लावलेला गवताचा पट्टा ते अडवू शकत नाही, कारण ते त्याच्या खालून निघून जाते.

यात एका चांगल्या उपायाचीही अडचण झाली. धूप थांबावी म्हणून अनेक शेतकऱ्यांनी नांगरट सोडून दिली होती. माती वाहायची थांबली, हा फायदा खराच. पण खत वरच्या वर फेकले जाऊ लागले आणि नांगरट नसल्याने ते मातीत मिसळेना. स्फुरद वरच्या काही सेंटिमीटरच्या थरात साठले आणि जोराच्या पावसात विरघळून निघू लागले. विरघळलेल्या स्फुरदाच्या वाढीमागे हे एकच कारण नाही. पावसाचे बदललेले स्वरूप, निचऱ्याच्या वाढलेल्या नळ्या आणि जमिनीत आधीच साठलेले स्फुरद यांचाही वाटा आहे. पण मातीसाठी केलेला उपाय पाण्याला पुरेसा नसतो, हे इथे स्पष्ट झाले. खत मातीआड करून द्या, हा आपल्याकडच्या कृषी सहायकांचा जुना सल्ला तिथे पाण्याच्या रक्षणासाठी महत्त्वाचा ठरला.

करून बघण्याआधी करून बघणे

मॉडेलचा खरा उपयोग इथून पुढे आहे. खोऱ्यातील निम्म्या शेतकऱ्यांनी खत मातीआड केले तर? हिवाळ्यात जमीन मोकळी न ठेवता आच्छादन पीक घेतले तर? ओढ्याकाठी गवताचे पट्टे आणि पाणथळ जागा केल्या तर? प्रत्यक्षात हे तपासायला दहा-वीस वर्षे आणि प्रचंड पैसा लागेल. संगणकावर तेच काही तासांत किंवा दिवसांत होते.

मिशिगन विद्यापीठाच्या पुढाकाराने अनेक संशोधक गटांनी मॉमीची आपापली स्वतंत्र मॉडेल एकत्र आणून अशा पर्यायांची तुलना केली. एकाच मॉडेलवर भिस्त न ठेवण्याचे कारण हवामान अंदाजासारखेच: प्रत्येकाची गृहीतके वेगळी असतात, म्हणून बहुतेकांनी एकच दिशा दाखवली तर विश्वास वाढतो. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासाचा निष्कर्ष दिलासा देणारा होता आणि अस्वस्थ करणाराही. ४० टक्क्यांचे उद्दिष्ट गाठता येईल. पण एखाद-दुसरा उपाय थोड्या शेतांवर करून ते जमणार नाही. अनेक उपाय एकत्र आणि फार मोठ्या क्षेत्रावर करावे लागतील. हेच उपाय सरसकट वाटण्याऐवजी जिथून जास्त स्फुरद निघते तिथे आधी केले, तर तेवढ्याच क्षेत्रात अधिक फायदा होतो.

धोरणातही काही बदल झाले. ओहायोने २०१५ मध्ये या भागात गोठलेल्या जमिनीवर किंवा जोराच्या पावसाचा अंदाज असताना खत टाकण्यावर कायद्याने बंधने घातली. २०१९ मध्ये शेतकऱ्यांना अशा उपायांसाठी पैसे देणारी आणि पाणथळ जागा उभारणारी योजना सुरू झाली. वसंतात नदीने आणलेल्या स्फुरदावरून त्या उन्हाळ्यात शेवाळ किती वाढेल, याचा अंदाज २०१२ पासून दरवर्षी जाहीर होतो. त्यामुळे पाणीपुरवठा केंद्रांना तयारीला वेळ मिळतो.

लाल रंगाचा अर्थ

तरीही सरोवरात जवळपास दर उन्हाळ्याला हिरवा तवंग येतोच. याची कारणे मॉडेलबाहेरची आहेत. बहुतेक उपाय ऐच्छिक आहेत. जमिनीत वर्षानुवर्षे साठलेले स्फुरद खत कमी केले तरी हळूहळूच बाहेर पडते. जोरदार पावसाचे दिवस वाढले की केलेल्या कामावर पाणी पडते. मॉमीसाठी स्फुरदाची कमाल मर्यादा ठरवणाऱ्या ओहायोच्या आराखड्याला केंद्रीय पर्यावरण संस्थेने २०२३ मध्ये मंजुरी दिली. पण विरघळलेल्या स्फुरदाला त्यात वेगळी मर्यादा नाही, अशी टीकाकारांची तक्रार आहे.

नकाशाचाही एक धोका असतो. संगणकाने एखादा पट्टा लाल रंगवला की तिथला शेतकरी गुन्हेगार ठरतो, असे वाटू लागते. प्रत्यक्षात मॉडेल पूर्ण खोऱ्याचा एकत्रित भार बऱ्यापैकी बरोबर सांगते, पण एका विशिष्ट शेताबद्दल त्याचे उत्तर ढोबळ असते. शेजारच्या दोन शेतकऱ्यांनी खत कधी आणि कसे टाकले, हे त्याला सहसा माहीत नसते. तिथे सरासरी भरलेली असते. म्हणून लाल रंगाचा अर्थ ‘आधी इथे जाऊन बघा, माती तपासा, शेतकऱ्याशी बोला’ एवढाच घ्यायचा. मॉडेल तपासाची जागा दाखवते, निकाल देत नाही.

आपल्या खोऱ्यांत

महाराष्ट्रात उजनीच्या जलाशयातील हिरवे पाणी सोलापूर-इंदापूरकरांना नवीन नाही. तिथली गोष्ट मॉमीपेक्षा वेगळी आहे. पुणे आणि पिंपरी-चिंचवडकडून भीमेच्या खोऱ्यात येणारे सांडपाणी हे दिसणारे, पाइपातले प्रदूषण आहे आणि ती लढाई आपल्याकडे अजून संपलेली नाही. पण सांडपाणी पूर्ण शुद्ध झाले तरी खोऱ्यातील ऊस, त्याला घातलेले खत आणि पहिल्या पावसात रस्त्यांवरून वाहणारी घाण उरणारच आहे. किती वाटा कशाचा, हे ठरवल्याशिवाय पैसा कुठे घालायचा ते कळणार नाही.

साधने परकी नाहीत. पुण्याच्या वरच्या बाजूच्या मुळा-मुठा खोऱ्यात जमिनीचा वापर बदलल्याने पाण्यावर काय परिणाम झाला, याचा स्वाट वापरून केलेला अभ्यास जर्मनी आणि पुण्यातील संशोधकांनी २०१३ मध्ये प्रसिद्ध केला. नागपूरचे महाराष्ट्र सुदूर संवेदन उपयोजन केंद्र उपग्रह चित्रांवरून राज्याचे नकाशे तयार करते. २०१५ पासूनच्या मृदा आरोग्य पत्रिकांत मातीतील उपलब्ध स्फुरदाची नोंद असते. म्हणजे उंची, माती, पीक हे थर रचता येतात.

मॉमीच्या अनुभवावरून पाहिले तर यापुढचा महत्त्वाचा थर नदीच्या दीर्घकाळ, न चुकता केलेल्या नोंदींचा. त्याही फक्त उन्हाळ्यातल्या संथ पाण्याच्या नकोत. जून-जुलैतल्या पहिल्या पुराच्या हव्यात, जेव्हा पाणी गढूळ असते आणि काठावर उभे राहणेही कठीण जाते. मॉमीवर हे काम टोलेडोच्या संकटाच्या जवळजवळ चाळीस वर्षे आधी सुरू झाले होते. सॉफ्टवेअर आज डाउनलोड करता येते, चाळीस वर्षांच्या नोंदी येत नाहीत. त्या जमवण्याची सुरुवात येणाऱ्या पावसाळ्यापासूनच करता येईल.